पैसेवारीचा आकडा कसा ठरतो?

पाऊस ओढ देऊ लागला म्हणजे गावोगाव एकच विचारणा सुरू होते : यंदा सरकार काय देणार? आपल्या गावचे पीक सरकारी कागदात किती पैसे लिहिले गेले, ही त्याच्या अगोदरची विचारणा मात्र फार थोडे लोक करतात. महसूल खात्यात कारकुनी करीत असता तो कागद आमच्या हातून पुष्कळ वेळा गेला आहे. म्हणून त्याची माहिती वाचकांपुढे ठेवावी असे योजिले आहे.

ही पद्धत आपल्या मुलखात जुनी आहे. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळी भरपूर पीक म्हणजे सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे, असा अंदाज करीत, तीच आणेवारी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली व पुढे आण्यांच्या जागी पैसे आले, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘आणेवारी’ हाच शब्द राहिला. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत असले म्हणजे त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा दंडक होता. तहकुबी व सूट यांतील भेद येथेच सांगून ठेवतो : तहकुबीने देणे पुढे ढकलले जाते, सुटीने ते नाहीसे होते. पुष्कळ जण तहकुबीच्या वर्षी निश्चिंत होतात आणि पुढच्या साली दुप्पट मागणी आली की चकित होतात.

आकड्यावरून केवढा तंटा उभा राहू शकतो याचा दाखला खेडा जिल्ह्याचा आहे. १९१७ साली तेथे अतिवृष्टीने खरीप बुडाला. पीक चार आण्यांच्या आत आहे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. अधिकाऱ्यांच्या हिशेबी ते त्याहून अधिक भरले. अर्ज-विनंत्या निष्फळ ठरल्यावर २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे गांधीजींनी सत्याग्रह पुकारला व वल्लभभाई पटेल त्यात उतरले. जप्त शेतातील कांदा काढून नेल्याबद्दल मोहनलाल पंड्या तुरुंगात गेले आणि ‘कांदाचोर’ म्हणून लोकांत मान पावले. जूनमध्ये तंटा मिटला : ज्यांची ऐपत आहे त्यांनी सारा भरावा व गरिबांचा तहकूब राहावा. शेतात उभे पीक एकच होते. त्याच्या मापाविषयी दोन पक्षांचे एकमत होईना, एवढ्यावरून हे सारे घडले.

आता माप कसे घेतात ते पाहू. प्रत्येक पिकाचे तालुक्यापुरते प्रमाण उत्पन्न मागील वर्षांच्या सरासरीवरून बसविलेले असते. गावची समिती ठरावीक मापाचे तुकडे आखून, पीक कापून, मळून वजन करते. समितीत महसूल व कृषि खात्यांचे गावपातळीवरील नोकर, ग्रामसेवक, सरपंच व गावचे काही शेतकरी असतात. निघालेल्या उत्पन्नास प्रमाण उत्पन्नाने भागून शंभराने गुणिले की त्या पिकाची पैसेवारी आली. बाजरीचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी ८ क्विंटल असून यंदा ३.२ क्विंटल निघाली, तर पैसेवारी ४०.

गावचा आकडा काढताना पिकांखालील क्षेत्राचे वजन धरतात, आणि खरी मेख येथे आहे. समजा, गावी ४०० हेक्टर पेरा आहे. पैकी ३०० हेक्टर बाजरी ४० पैसे व १०० हेक्टर कापूस ८४ पैसे. हिशेब केला तर गावची पैसेवारी ५१ येते. परंतु कापूस वस्तुतः ६० हेक्टरच असून उरलेले ४० हेक्टर बाजरीचे असतील व केवळ गेल्या सालची नोंद तशीच पुढे ओढली गेली असेल, तर खरा आकडा ४६.६ होतो. पन्नासाच्या आतले गाव टंचाईचे मानण्याची रीत आहे; म्हणजे सातबाऱ्यावरील चुकीच्या पीकनोंदीने सारे गाव सवलतींतून बाहेर पडते. २०२१ पासून ई-पीक पाहणीने ही नोंद शेतकऱ्यास स्वतः मोबाइलवरून करता येते. ती ‘पोरगा करील’ म्हणून टाळणाऱ्या बागायतदारांनी वरचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

२०१२ सालची एक गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. आमच्या तालुक्यातील एका गावी समिती गेली ती दुपार कलल्यावर. सडकेलगतचे, विहिरीच्या पाण्यावरचे शेत जवळ पडले. तेथेच तुकडा आखला. माळावरची करपलेली बाजरी कोणी पाहिली नाही. आकडा ५३ निघाला. ओढ्यापलीकडच्या गावचा ४४. चावडीवर कागद लागला, हरकतीची मुदत गेली, डिसेंबरात आकडा कायम झाला. शिमग्याच्या सुमारास गावकरी अर्ज घेऊन कचेरीत आले. तो अर्ज आम्हीच आवक-बारनिशीस नोंदविला आणि ‘मुदतबाह्य’ हा शेराही आम्हीच लिहिला. अर्जावरील सह्यांपैकी दोन सह्या समितीच्या कागदावरही होत्या. आम्ही त्या गृहस्थांना ते दाखविले. त्यांनी मान खाली घातली आणि आम्हीही. माळावर जाण्याचे स्मरण समितीस देणे आमच्या कामात मोडत नव्हते, एवढेच आमच्यापाशी उत्तर होते.

आता पैसेवारी हा एकटा निकष राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या दुष्काळसंहितेप्रमाणे पर्जन्यमान, पेरा, जमिनीतील ओल, जलाशयांतील साठा आणि उपग्रहाच्या चित्रांतून दिसणारी हिरवळ यांवरून तालुके ठरतात. २०१८ साली राज्यात १५१ तालुके व २०२३ साली ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. त्यांना जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा-शुल्काची माफी अशा सवलती दिल्या गेल्या. तरी तालुका यादीत नसला म्हणजे गावाच्या हाती पैसेवारीचाच कागद उरतो. गारपीट वा पुराच्या नुकसानीची गोष्ट मात्र निराळी : तेथे शेतवार पंचनामा होतो व २०१५ पासून ३३ टक्के नुकसान झाले तरी मदतीस पात्रता येते, पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. दोहोंची गल्लत करून पैसेवारीच्या भरवशावर पंचनामा चुकविणारेही आम्ही पाहिले आहेत.

खरिपाचा नजर अंदाज सप्टेंबरअखेर येतो, सुधारित आकडा ऑक्टोबरअखेर व अंतिम आकडा डिसेंबरात. कापणी कोणत्या दिवशी व कोणत्या गटात आहे हे तलाठ्यास, ज्यांस हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अगोदर विचारावे व त्या दिवशी माळाचे दोघे व मळ्याचे दोघे असे शेतावर हजर राहावे. वजन होईतो उठू नये. आकडा पटला नाही तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी, तीत गट क्रमांक व वजन लिहावे, आणि पोच घेतल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये. रब्बीच्या पैसेवारीविषयी पुढील अंकी लिहू.