डिग्री झाली, आता माणसांत काम करायचंय

इंजिनिअरिंगची पदवी हातात आहे. पुण्यातली नोकरी वर्षभर करून सोडली आणि आता चिरंजीव म्हणतात, "मला लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करायचंय." घर नाशिकच्या गंगापूर रोडवर असो की पंचवटीत, यानंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग पोटाचं काय?" प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांना सारखा विचारला जात नाही. एमपीएससीसाठी चार-पाच वर्षं अभ्यासिकेत बसलेला मुलगा आपल्या घरांना चालतो. समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मात्र "आणखी दोन वर्षं वाया" ठरते. पालकांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

मुलांशी बोलायचं ते वेगळं. इतरांसाठी काही करावंसं वाटणं चांगलंच, पण तेवढ्यावर ते काम जमतं असं नाही. बाबा आमटे वकील होते, वरोऱ्यात वकिली करत होते. कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाविषयी शिकून आले. आपल्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. त्या पेशाने शिक्षिका होत्या आणि अशा मुलाच्या आईही. फळ्यापुढे उभं राहण्याचा सराव होताच, तो नव्या कामाला लागला. तुमच्या न आवडलेल्या पदवीचंही असंच होऊ शकतं. बी. कॉम. झालेल्याला संस्थेचे हिशेब आणि ऑडिट कळतं, इंजिनिअरला सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची पाणीयोजना वाचता येते, एलएलबी झालेल्याला कौटुंबिक न्यायालयात काय चाललंय ते समजतं. ही माणसं संस्थांना सहज मिळत नाहीत.

तरीही लगेच दुसऱ्या पदवीचा फॉर्म भरू नका. आधी सहा महिने आठवड्यातला एक दिवस ठरवून एखाद्या संस्थेत जा. सातपूरला नॅबचं, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे, विशेष मुलांच्या शाळा आहेत, वृद्धाश्रम आहेत. वाढदिवसाला खाऊ वाटून फोटो काढून येणं यात धरू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात, नवलाई संपल्यावर आणि तेच मूल तेच अक्षर विसरल्यावरही जावंसं वाटलं, तर पुढचं बोलू. ज्यांना मोकळेपणाने विचार करायला जागा हवी आहे, त्यांच्यासाठी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' हा उपक्रम आहे. गडचिरोलीच्या शोधग्रामला त्याची शिबिरं होतात. डॉक्टर, इंजिनिअर, अशी वेगवेगळ्या शाखांची मुलं तिथे येतात.

आता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची ती दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. कुठल्याही शाखेचा पदवीधर या अभ्यासक्रमाला जाऊ शकतो, हे अनेक घरांत माहीतच नसतं. वर्गाइतकंच महत्त्व फिल्डवर्कला असतं. विद्यार्थ्याला संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात नेमून दिलेले दिवस काम करावं लागतं आणि त्याचा अहवाल लिहावा लागतो. पुढची कामं नीट समजून घ्या. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) असं पद असतं. ऑपरेशन ठरलंय पण पैसे नाहीत, रुग्ण बेवारस आहे, टीबीचे औषधोपचार मध्येच सुटलेत, अशी प्रकरणं या माणसाकडे येतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कागदपत्रं बघून त्या खाटा योग्य माणसाला मिळवून देणं हेही तिथल्या समाजसेवकाचंच काम. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाजकार्य शिकलेली माणसं लागतात. कामगार कल्याण हा विषय घेतलेले सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही जातात. मन वस्तीत असेल, तर तो विषय केवळ नोकरीसाठी घेऊ नये असं माझं मत.

समुपदेशनाबाबत जरा सावध राहा. तीन महिन्यांत समुपदेशक करून देणाऱ्या जाहिराती उदंड आहेत. त्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याच्या मनाला हात घालू नये. त्यासाठी मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली सराव हवा. घरबसल्या ही पदवी घेऊ म्हणाल, तर २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. विशेष शिक्षक व्हायचं असेल, तर अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता हवी आणि नंतर परिषदेकडे नोंदणीही करावी लागते. या अभ्यासक्रमांचे नियम अलीकडे बदलत आहेत. म्हणून फी भरण्याआधी त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

पैशाचं स्पष्टच सांगतो. आयटीत गेलेल्या मित्राइतका पगार इथे मिळणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेक जागा ११ महिन्यांच्या करारावर असतात आणि करार दरवेळी नव्याने होतो. लग्नाच्या बाजारात हे सांगताना आई-बाबांची पंचाईत होते, तेही खरं. पण मोठ्या संस्थांत आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांत अनुभवी माणसाला बरा पगार असतो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि तो पैसा गावात नीट पोचवणारी माणसं त्यांना लागतात. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातील हे गृहीत धरा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असेल, तर तो फिटेपर्यंत नोकरी सांभाळून शनिवार-रविवार काम करण्यात कमीपणा नाही.

मविप्रचं, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाचं, समाजकार्य महाविद्यालय नाशिकमध्येच आहे. तिथे एकदा जाऊन या आणि शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. फिल्डवर्क कुठे लागलं, मागच्या बॅचमधले किती जण याच कामात टिकलेत, पहिला पगार किती, हे विचारा. वडिलांनाही बरोबर न्या. पगाराचा प्रश्न ते तुमच्यापेक्षा चांगला विचारतील.