कॅमेऱ्याचें भिंग कसें निवडावें?

गेल्या नाताळांत आमच्या शाळेंत ख्रिस्तजन्माचें नाटक झालें, त्याचें चित्रण आम्हीं भाड्याच्या कॅमेऱ्यानें केलें. सर्व रंगमंच दिसत होता तोंपर्यंत चित्र उत्तम होतें. परंतु देवदूताचें काम करणारी लहान मुलगी बोलूं लागतांच आम्हीं झूम फिरवून तिला जवळ आणलें, तों चित्र काळवंडलें व तिचा चेहराही अस्पष्ट झाला. तिचे वडील परदेशीं नोकरीस असतात. त्यांना पाठविण्याजोगें जें एक मिनिट होतें, नेमकें तेंच वायां गेलें.

आतां पालकांच्या वर्गणींतून शाळेसाठीं व्यावसायिक व्हिडिओ-कॅमेरा घेण्याचें घाटत आहे. कोणता कॅमेरा घ्यावा याची चर्चा वर्गावर्गांत चालू आहे. भिंगाविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे.

भिंगानें पाडलेली प्रतिमा कॅमेऱ्यांतील संवेदकावर पडते. संवेदकाच्या रुंदीचें भिंगाच्या नाभीय अंतराशीं जें प्रमाण, तेंच दृश्याच्या रुंदीचें कॅमेऱ्यापासूनच्या अंतराशीं असतें. समरूप त्रिकोण शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हें आकृति काढून ताडून पाहावें. आमच्या सभागृहांत शेवटच्या बांकापासून रंगमंच १८ मीटर दूर आहे व त्याची रुंदी ९ मीटर आहे. एकाच मुलीचें कमरेपासून वरचें चित्र हवें असल्यास दृश्याची रुंदी सुमारें दीड मीटर धरावी लागते.

‘फुल फ्रेम’ संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यास सर्व रंगमंचासाठीं ७२ मिलिमीटर नाभीय अंतर पुरतें. पण त्या एका मुलीसाठीं तें ४३२ मिलिमीटर लागतें. उलट, बातम्या व क्रीडासामने टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत पुष्कळदां ‘दोन-तृतीयांश इंची’ संवेदक असतो. (हें नांव जुन्या चित्रनलिकेच्या बाहेरील व्यासावरून पडलें आहे, संवेदकाची खरी रुंदी अवघी ९.६ मिलिमीटर.) त्यास हेंच काम १९ ते ११५ मिलिमीटरांत उरकतें, आणि एवढा पल्ला एकाच झूम-भिंगांत सहज सांपडतो.

आतां प्रकाशाचा विचार करूं. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे भिंगाचा एफ-अंक येतो. हा अंक २.८ वरून ५.६ वर गेला कीं प्रकाश एक-चतुर्थांश उरतो. कित्येक स्वस्त झूम-भिंगांत दूरचें दृश्य जवळ आणतांना हा अंक आपोआप वाढत जातो. देवदूत काळवंडला तो यामुळें. म्हणून दुकानदारास ‘शेवटच्या टोकाला एफ-अंक किती?’ असें अवश्य विचारावें. ४३२ मिलिमीटरांत २.८ हा अंक साधावयाचा तर छिद्राचा व्यास १५ सेंटिमीटरांहून अधिक लागेल. ११५ मिलिमीटरांत ४ सेंटिमीटरांच्या थोडा वर पुरतो. वजन आणि किंमत यांतील अंतर याच काचेंत आहे. लहान संवेदकावर मंद प्रकाशांत चित्र दाणेदार होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रंगमंचावर दोन दिवे वाढविणें एवढ्या काचेहून पुष्कळ स्वस्त पडेल.

कांहीं विद्यार्थ्यांस पाठीमागचें सर्व धूसर दाखविणारें चित्र आवडतें, व त्यासाठीं ते मोठ्या संवेदकाचा आग्रह धरितात. मोठ्या छिद्राची किंमत काय पडते, याचें एक उदाहरण देतों. १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटांत दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनीं कांहीं प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडांत टिपले. त्यासाठीं मूळ नासा संस्थेकरितां बनविलेलें झाइस कंपनीचें ५० मिलिमीटर, एफ ०.७ भिंग वापरलें. त्याची स्पष्टतेची खोली इतकी थोडी होती कीं नटांना जागचे हलण्याची फारशी सोय नव्हती. पांचवीच्या मेंढपाळांकडून अशी स्थिरता मिळेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

अस्पष्टतेचें कारण मात्र निराळें. स्थिर छायाचित्रांसाठीं केलेल्या बहुतेक झूम-भिंगांचा फोकस झूम फिरवितांना सरकतो. व्हिडिओसाठीं केलेलें चांगलें झूम-भिंग तो राखतें, मात्र त्याचा मागचा फोकस आधीं नीट जुळविलेला पाहिजे. परीक्षा सोपी आहे: पूर्ण जवळ आणून फोकस करावा, मग पूर्ण दूर न्यावें व पुन्हां जवळ आणावें, दूर नेतांनाही अक्षरें तशींच स्पष्ट दिसलीं पाहिजेत.

जुनें भिंग स्वस्त मिळतें म्हणून प्रथम तेंच घेऊन ठेवूं नये. दोन-तृतीयांश इंची कॅमेऱ्याचें भिंग केवळ ११ मिलिमीटर कर्णाच्या संवेदकापुरती प्रतिमा पाडतें. तें फुल फ्रेमवर नुसतें बसविल्यास चित्राचे कोपरे काळे राहतील. शिवाय तें कॅमेऱ्यांतील रंग वेगळे करणारा लोलक हिशेबांत धरून घडविलेलें असतें.

एका पालकांनीं सुचविलें कीं कॅमेरा मधल्या वाटेंत, ९ मीटरांवर ठेवावा. म्हणजे वरील सर्व नाभीय अंतरें निम्मीं होतील. गणित बिनचूक आहे. मात्र तिपाईच्या मागें बसणाऱ्या मातांची संमति त्यांनींच मिळवावी.