बीअरचं पाणी : आधी विहीर बघा, मग बीअर ठरवा

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी लगेच पान मिटू नये! महाराष्ट्रात परवाना नसताना घरी बीअर बनवणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बीअर प्यायचं कायदेशीर वय 21 आहे आणि मी आहे 20 चा. त्यात गाव नरसी नामदेव, म्हणजे खुद्द नामदेव महाराजांचं. तेव्हा हा लेख पिण्याचा नाही, पाण्याचा आहे. फर्स्ट इयरला केमिस्ट्री लॅबमध्ये ब्युरेट धरून आपण जे आकडे काढले आणि जर्नल सबमिट होताच विसरलो, त्यांचं पुढे काय होतं ते यात सांगायचंय.

बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पण पाण्याची खरी करामत दिसते ती मॅशिंगमध्ये. भरडलेलं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली) साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातले अमायलेज एन्झाइम पिठाची साखर करतात. हे काम नीट व्हायला त्या लगद्याचा पीएच 5.2 ते 5.6 च्या आसपास लागतो. तो वर गेला की एन्झाइम सुस्तावतात, आणि टरफलातलं टॅनिन उतरून तोंडाला तुरट चव येते.

आता इथे सगळे एक घोळ करतात. नळाच्या पाण्याचा पीएच मोजतात, तो 7.5 निघाला की काळजी करतात. खरं तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. बघायची असते अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती आहे ते. माल्ट पीएच खाली ओढतं, बायकार्बोनेट त्याला अडवतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून माल्टलाच मदत करतात. म्हणजे हार्ड वॉटर सरसकट वाईट नाही बरं का! (आम्ही कॉन्व्हेंटवाले हार्ड वॉटरच म्हणत आलो. मराठी माध्यमाच्या रूममेटने सांगितलं की त्याच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ म्हणतात, ज्यात साबणाचा फेस होत नाही ते. शब्द झकास आहे.)

या ओढाताणीचा हिशोब कोलबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1953 मध्ये एका सूत्रात बसवला. अल्कलिनिटीतून कॅल्शियम हार्डनेस भागिले 3.5 आणि मॅग्नेशियम हार्डनेस भागिले 7 वजा करायचे. उरते ती शिल्लक अल्कलिनिटी. फिकट सोनेरी बीअरला ती शून्याच्या आसपास हवी. काळ्या बीअरला 100 च्या वर असली तरी चालते, कारण करपेपर्यंत भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं.

जुन्या गावांना हे सूत्र माहीत नव्हतं, पण बीअर बरोबर जमली. चेक देशातल्या पिल्सेनचं पाणी अगदी हलकं, तिथे 1842 मध्ये सोनेरी बीअर जन्मली. डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटवालं, तिथे काळी स्टाउट नावाजली. इंग्लंडच्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम, तिथे कडवट पेल एल. कुणी पाणी बदललं नाही, पाण्याला मानवेल ती बीअर टिकली.

आता आमच्याकडे या. नरसी कयाधू नदीकाठी, आणि खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. त्यातून झिरपलेल्या पाण्यात साधारणपणे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. तुरीची डाळ शिजेना म्हणून बाया चिमूटभर सोडा टाकतात, ती याच पाण्याची करामत. हिशोबापुरती अशी एक विहीर धरू : कॅल्शियम हार्डनेस 210, मॅग्नेशियम हार्डनेस 140, अल्कलिनिटी 300 (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात). 210 भागिले 3.5 म्हणजे 60, 140 भागिले 7 म्हणजे 20. शिल्लक 220. सोनेरी बीअर विसरा!

पुस्तकी उपाय आरओचा. एक भाग विहिरीचं, चार भाग आरओचं पाणी. अल्कलिनिटी 60 वर येते. पण कॅल्शियमही पातळ होतं, म्हणून 20 लिटरला साधारण 1.4 ग्रॅम जिप्सम आणि 1.2 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालायचं. शिल्लक 20 च्या आसपास येते. कागदावर एकदम फर्स्ट क्लास. फक्त घरगुती आरओ एक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. म्हणजे 16 लिटरसाठी 32 ते 48 लिटर गेलं.

हे पुण्यात कदाचित खपेल, मराठवाड्यात नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू-बीअर कारखान्यांचं पाणी तोडायला सांगितलं, आणि मे महिन्यात ती कपात 60 टक्क्यांवर गेली. अशा मुलखात पाणी फेकून पाणी सुधारायचं, हे मला तरी पटत नाही.

दुसरा उपाय आपल्या आयांचा : उकळा. बायकार्बोनेट फुटतं, कार्बोनेट तळाशी बसतं, वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. समजा दोन्हीकडून 150 गेले. कॅल्शियम हार्डनेस 60, अल्कलिनिटी 150, शिल्लक साधारण 113. मॅग्नेशियम असं सहज बसत नाही, म्हणून गाडी इथेच अडते. पण 113 हा आकडा काळ्या बीअरला अगदी मापाचा! पाणी जवळपास सगळं हाताशी राहतं, जातो तो गॅस. बेसाल्टवर बीअर करायचीच तर ती काळी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रुअरी आहेत, परवाना काढून कुणी हिंगोलीत काढली तर हे लक्षात ठेवावं.

जाता जाता दोन गोष्टी. टाकीत ब्लीचिंग पावडर पडली असेल तर क्लोरीन आधी उकळून घालवायला हवा, नाहीतर त्याचं क्लोरोफेनॉल होऊन बीअरला दवाखान्याचा वास येतो. आणि विहिरीत नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. ते जास्त निघालं तर बीअर राहू द्या, त्या विहिरीचं पाणी लहान बाळाच्या दुधात घालू नका, उकळूनही नाही.

— तृतीय वर्ष, केमिकल