पहिला संगणक घरी जोडताना : सुट्या भागांची निवड

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील रथाचा दृष्टांत आपल्या शाळेच्या परिपाठात अनेकदा सांगितला जातो. राजा मिलिंद रथात बसून आलेला असतो. भदंत नागसेन त्याला विचारतात, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. सर्व भाग परस्परांच्या आधाराने एकत्र आले म्हणजेच त्यांना ‘रथ’ हे नाव मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारणे आणि प्रश्नाला सामोरे जाणे, ही आपल्या शिक्षणाची परंपरा आहे.

हा दृष्टांत संगणकावरील लेखात आणण्याचे कारण आमच्या एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आम्ही वसतिगृहाच्या अभ्यासिकेसाठी एक संगणक बाजारातून जोडून घेतला. दुकानात आम्ही एकच प्रश्न विचारला : प्रोसेसर कोणता? उत्तर समाधानकारक होते. बाकीच्या भागांची चौकशी आम्ही केली नाही. एप्रिलमधील एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर तो संगणक सुरू झालाच नाही. उघडून पाहिले तेव्हा आतील एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, बिननावाची निघाली. तिच्याबरोबर मदरबोर्डही निकामी झाला होता. पावतीवर ‘संगणक संच – १ नग’ एवढेच लिहिलेले होते. कोणत्याही भागाचे नाव नाही, क्रमांक नाही; मग हमी मागणार कशाच्या आधारावर? ज्यांनी आपल्या पहिल्या पगारातून ती रक्कम दिली होती, त्यांना हिशेब देताना आमची मान खाली गेली. दुकानदाराला दोष देणे सोपे होते; परंतु न विचारलेले प्रश्न आमचेच होते.

पुढचा संगणक आम्ही सुटे भाग आणून शाळेतच जोडला. यादी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी केली, आम्ही ती तपासली. त्या यादीमागील विचार येथे मांडीत आहोत. आज आपल्या समाजातील अनेक घरांत मुलामुलींसाठी पहिला संगणक घेण्याची वेळ आली आहे आणि तो पैसा बहुधा कष्टाने साठवलेला असतो. तो डोळसपणे खर्च व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकमेकांत कसे बसतात?

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकला जाऊ लागला आणि हौशी लोक घरी बसून तो जोडू लागले. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आणला. तो बऱ्याच अंशी इतर कंपन्यांकडून घेतलेल्या भागांचा होता आणि त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने प्रसिद्ध केली होती. त्यामुळे इतरांना त्याच्याशी जुळणारे संगणक व भाग तयार करता आले. १९९५ साली ‘एटीएक्स’ हे मानक आले. त्याने मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आणि वीजपुरवठ्याची जोडणी ठरवून दिली. एका कंपनीची पेटी, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीची मेमरी आज एकत्र नांदतात, ती अशा खुल्या मानकांमुळे.

इतिहासाचे अध्यापन करताना आम्हाला येथे महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. परंतु पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा. त्या संग्रामाची तुलना यंत्राच्या खरेदीशी होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही कागदावर खुली असलेली गोष्ट आपण पुढे होऊन हाती घेईपर्यंत आपली होत नाही, हा महाडचा धडा ज्ञानाच्या प्रत्येक क्षेत्राला लागू पडतो.

आधी काम, मग यादी

पहिला प्रश्न दुकानात विचारावयाचा नसून घरी विचारावयाचा आहे. या संगणकावर कोण, कोणते काम करणार? एक मुलगी बारावीत आहे, तिचा भाऊ पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. दोघांना देवनागरीत व इंग्रजीत लेखन, ध्वनिचित्रफितींवरील पाठ, हिशेबाचे तक्ते आणि पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा शिकावयाची आहे, असे घर आपण उदाहरणादाखल घेऊ. या कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चित्रपटाचे संकलन, त्रिमितीय आराखडे किंवा मोठे खेळ यांसाठी ते लागते, आणि तसे झाले की बहुधा तेच यादीतील सर्वांत महाग वस्तू ठरते. न लागणाऱ्या वस्तूवरील पैसा वाचवून तो लागणाऱ्या वस्तूवर खर्च करणे, हे निवडीचे पहिले सूत्र होय.

तीन भाग एकदमच ठरतात

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांची निवड स्वतंत्रपणे करता येत नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचे मदरबोर्ड डीडीआर४ जातीची रॅम घेतात. २०२२ साली आलेल्या एएम५ला केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही मदरबोर्ड डीडीआर४चे आहेत, काही डीडीआर५चे. दोन्ही जातींच्या रॅमवरील खाच वेगळ्या जागी असते. चुकीची रॅम बसतच नाही. बळ लावल्यास ती आणि तिची जागा दोन्ही मोडतात.

नावातील एका अक्षरालाही अर्थ असतो. एएमडीच्या ‘रायझेन ५ ५६००’ या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटविणारा विभाग नाही. ‘५६००जी’मध्ये तो आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांतही तो नसतो. स्वस्त पडले म्हणून असा प्रोसेसर आणला आणि ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर संगणक सुरू होईल, पंखे फिरतील, पण पडदा काळाच राहील.

मदरबोर्डवरील बायोस या मूळ आज्ञावलीची आवृत्ती जुनी असेल, तर तो आपल्यानंतर आलेला प्रोसेसर ओळखत नाही. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मदरबोर्डची प्रोसेसर-यादी पाहावी आणि बायोस अद्ययावत आहे काय, हे दुकानात विचारावे. रॅम १६ जीबी घ्यावयाची असल्यास एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन समान पट्ट्या घ्याव्यात. दोन मार्गांनी ये-जा झाल्याने वेग वाढतो. चित्रविभाग प्रोसेसरमध्येच असला की तो याच रॅमचा वापर करतो, त्यामुळे हा लाभ अधिकच जाणवतो.

साठवण आणि वीज

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी पुष्कळच वेगवान असते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वाचन करते. एनव्हीएमई जातीची त्याच्या कित्येक पट. मात्र एम.२ या चपट्या आकारात दोन्ही जाती मिळतात. आकार पाहून जात ओळखू नये, वेष्टनावरील नोंद वाचावी.

आता आमचा जुना अपराध, एसएमपीएस. उदाहरणातील घरासाठी ५६००जी घेतला, तर त्याची औष्णिक मर्यादा ६५ वॅट लिहिलेली आहे; भार पडल्यावर तो याहून थोडी अधिक वीज घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे धरूनही ही बेरीज साधारण १५० वॅटच्या आत राहते. म्हणजे नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा असून पुढे लहान ग्राफिक्स कार्ड बसविण्यासही वाव उरतो. ‘८० प्लस’ ही खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो, हे सांगते; टिकाऊपणाची ती हमी नव्हे. त्यासाठी कंपनीने किती वर्षांची हमी दिली आहे आणि अतिदाब व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय, हे पाहावे. यूपीएस घेताना ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॅट समजू नये. सामान्यतः तो सुमारे ३६० वॅटचा असतो. आणि घरातील सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे काय, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. हा खर्च कोणी यादीत धरीत नाही. तो प्रथम धरावा.

उदाहरणाची यादी

वरील घरासाठी आमची यादी अशी होईल : सहा कोअरचा रायझेन ५ ५६००जी, त्याच्याच खोक्यात येणारा पंखा, बी५५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस, पुढून हवा आत घेणारे जाळीचे कॅबिनेट. हाताशी थोडे अधिक पैसे असतील आणि चार-पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर एएम५चा मार्ग धरावा. एएम४ हे सॉकेट आता आपल्या प्रवासाच्या अखेरीस आले आहे. भाव सतत बदलतात, आज मिळणारा भाग उद्या मिळेलच असे नाही. म्हणून यादी पाठ करू नये. प्रश्नांचा क्रम पाठ करावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी जा, पावतीवर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा. खोकी जपून ठेवावीत. चांगला दुकानदार या मागणीने रागावत नाही.

जोडताना

जोडणीपूर्वी धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसर त्याच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण जुळवून अलगद ठेवावा, दाबू नये. कॅबिनेटमधील पितळी आधार मदरबोर्डच्या छिद्रांखालीच असावेत. प्रोसेसरसाठी वेगळी वीजजोडणी असते, नवखे लोक हमखास तीच विसरतात. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबल वापरू नयेत; टोके सारखी दिसली तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळतात. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात घातक भार शिल्लक राहतो. संगणक सुरू झाल्यावर उबुंटू किंवा डेबियन यांसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. त्यांत देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही आहे.

आमच्या अभ्यासिकेतील संगणक पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा पडदा काळाच राहिला. जमलेल्या मुलांचे चेहरे पडले. यादी करणाऱ्या गटातील एका मुलीने माहितीपुस्तिका काढली, आकृती पाहिली, रॅमची एक पट्टी शेजारच्या योग्य खाचेत नेऊन बसविली आणि पुन्हा कळ दाबली. पडद्यावर अक्षरे उमटली. तिने कोणालाही विचारले नव्हते. तिने वाचले होते आणि करून पाहिले होते. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तो उपदेश आम्ही वर्गात अनेक वेळा शिकविला आहे. त्या दिवशी तो आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकविला.

आपल्या पूर्वजांच्या हाती हत्यार होते, पण अक्षर नाकारले गेले. ज्यांच्या हाती अक्षर होते त्यांनी हत्याराला हीन लेखले. घरी संगणक जोडणाऱ्या मुलाच्या एका हातात पुस्तिका असते आणि दुसऱ्या हातात पेचकस. पालकांनी मुलामुलींना तो अनुभव द्यावा. ज्या माजी विद्यार्थ्यांना हे काम येते, त्यांनी सुट्टीत एक दिवस शाळेत यावे आणि ते शिकवावे. आम्हाला वर्गणीपेक्षाही त्या दिवसाची अधिक गरज आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!