आकड्यांची साक्ष

(संख्या गोळा करणे, त्यांची बेरीज करणे आणि सरासरी काढणे ही कामे वरवर पाहता अगदी साधी वाटतात. परंतु अशाच साध्या कामातून मानवजातीवर ओढवू पाहणारे एक मोठे संकट वेळीच ध्यानात आले. त्याची हकीकत प्रस्तुत पाठात दिली आहे.)

दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेल्या अंटार्क्टिका खंडाच्या कडेला, समुद्रावर तरंगणाऱ्या एका विशाल हिमपटावर, हॅली नावाचे संशोधन ठाणे आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी या संस्थेने ते १९५६ साली उभारले. तेथे झाड नाही, झुडूप नाही, की वस्ती नाही. दृष्टी पोहोचेल तेथवर केवळ शुभ्र हिम! हिवाळ्यात तर तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा त्या निर्जन प्रदेशात मूठभर निरीक्षक राहत आणि आकाशातील ओझोन वायूचे प्रमाण नित्यनेमाने मोजून त्याची नोंद करीत.

ओझोन हा वायू भूपृष्ठापासून बऱ्याच उंचीवर पसरलेला असतो. सूर्यप्रकाशाबरोबर येणारे घातक अतिनील किरण तो वरच्या वर शोषून घेतो. हे किरण मोकळेपणाने खाली येऊ लागले, तर त्वचेचे रोग व मोतीबिंदू बळावतील, पिकांचीही हानी होईल. जीवसृष्टीचे हे कवच किती पातळ आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. एखाद्या ठिकाणच्या आकाशातील सर्व ओझोन शून्य अंश तपमानात आणि समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबात एकत्र आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल! ओझोन मोजण्याचे उपकरण इंग्लंडमधील शास्त्रज्ञ डॉब्सन यांनी तयार केले. म्हणून त्याच्या एककालाही त्यांचेच नाव मिळाले. एका मिलिमीटरची शंभर एकके धरतात. याप्रमाणे तीन मिलिमीटरचा थर ३०० एककांचा ठरतो.

हॅली येथील तक्ते जहाजाने इंग्लंडला जात आणि केंब्रिज येथे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेकडे जमा होत. १९७७ साली जोनाथन शँकलिन नावाचे तरुण या संस्थेत रुजू झाले. साठून राहिलेल्या नोंदी संगणकात भरून घेणे, त्या तपासणे आणि त्यांवरून ओझोनचे प्रमाण काढणारी आज्ञावली लिहिणे, हे काम त्यांच्याकडे आले. वरकरणी हे काम कारकुनी स्वरूपाचे होते. परंतु त्यातील एकेक पायरी समजून घेण्यासारखी आहे.

संगणकाला आकडेमोड येते. पण आकड्यांचा अर्थ त्याला कळत नाही. संख्यांची यादी त्याच्यापुढे फाईलच्या रूपाने ठेवतात. फाईल म्हणजे संगणकाने जपून ठेवलेली एक वहीच होय. तिच्या एकेका ओळीवर एकेक संख्या लिहिलेली असते. मात्र अशी फाईल वाचताना ‘३००’ ही संगणकाच्या लेखी प्रथम संख्या नसतेच. ती ३, ० आणि ० या तीन चिन्हांची नुसती रांग असते. त्या रांगेचे संख्येत रूपांतर करण्याची आज्ञा द्यावी लागते. ती न दिल्यास, आज्ञावली लिहिण्याच्या कित्येक भाषांत, ३०० आणि ३१० यांची ‘बेरीज’ ६१० न येता ‘३००३१०’ अशी येते! म्हणून सरासरी काढण्याच्या आज्ञा क्रमाने व नेमक्या शब्दांत सांगाव्या लागतात :

१. बेरीज शून्य व मोजणी शून्य धरावी.
२. फाईल उघडावी.
३. पुढील एक ओळ वाचून तिच्यातील चिन्हांचे संख्येत रूपांतर करावे.
४. ती संख्या बेरजेत मिळवावी व मोजणी एकाने वाढवावी.
५. ओळी संपेपर्यंत तिसरी व चौथी आज्ञा पुनःपुन्हा पाळावी.
६. फाईल बंद करून बेरजेला मोजणीने भागावे. मोजणी शून्यच राहिली असेल, तर भागाकार न करता ‘फाईल रिकामी आहे’ असे सांगावे.

यादीतील सर्वांत लहान संख्याही याच फेरीत शोधता येते. पहिली संख्या लहान मानावी आणि पुढील प्रत्येक संख्या तिच्याशी ताडून पाहावी. अधिक लहान संख्या मिळताच तिला पहिलीच्या जागी बसवावे. नवशिका मनुष्य पुष्कळदा आरंभी शून्य मानून चालतो. मग ३०० आणि ३१० यांच्या यादीतून, तिच्यात कोठेही नसलेले शून्यच उत्तर म्हणून पुढे येते.

येथवर चूक आज्ञांची असते. खरी कसोटी यापुढे लागते. समजा, पाच दिवसांच्या नोंदी ३००, ३१०, २९०, ३०५ आणि २९५ अशा आहेत. त्यांची बेरीज १५०० व सरासरी ३०० होते. सहाव्या दिवशी आकाश झाकोळलेले राहिले व निरीक्षण झालेच नाही. लिहिणाऱ्याने त्या ओळीवर ‘०’ लिहिले, तर संगणक निमूटपणे १५०० ला ६ ने भागतो आणि सरासरी २५० सांगतो. आकाशातील ओझोन कणभरही घटला नाही. तरी कागदावर तो सहाव्या हिश्शाने नाहीसा झाला! ‘काही नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. ध्रुवीय रात्रीमुळे जेथे महिनोन्‌महिने नोंदी विरळ होतात, तेथे हा भेद विसरून चालत नाही.

संख्या चढत्या क्रमाने मांडून त्यांतील मधली संख्या घेतली, तर तिला मध्यक म्हणतात. वरील सहा संख्यांत मधल्या दोन २९५ आणि ३०० आहेत. त्यांचा मध्य २९७.५ येतो. एका चुकलेल्या संख्येने सरासरी ढळली, पण मध्यक फारसा ढळला नाही. म्हणून सूज्ञ मनुष्य दोन्ही काढून पाहतो. आणि त्यांत मोठे अंतर दिसले, की मूळ यादीकडे वळतो.

सरासरी कशाची काढावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा, आठ महिन्यांपैकी सात महिन्यांत ओझोन ३०० राहिला आणि एकाच महिन्यात २०० वर उतरला. आठही महिन्यांची सरासरी २८७.५ येते, पाहणाऱ्याला ती किरकोळ घट वाटेल. परंतु तो एक महिना वेगळा काढून वर्षावर वर्ष ठेवून पाहिला, म्हणजे घाव कोठे बसला ते उघड होते. सरासरी ही दिव्यासारखी आहे. ती जेथे धरावी तेथेच उजेड पडतो.

शँकलिन यांच्या बाबतीत असेच घडले. त्या काळी फवारणीच्या डब्यांतून व शीतयंत्रांतून वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा नाश करतील, असे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले होते, आणि लोकांच्या मनात धास्ती होती. १९८३ साली संस्था पाहावयास येणाऱ्या नागरिकांना ‘अंटार्क्टिकावरील ओझोन वीस वर्षांपूर्वी होता तेवढाच आजही आहे,’ असे आलेखाने दाखवावे, असा शँकलिन यांचा हेतू होता. परंतु आलेख निराळेच बोलू लागला. दक्षिणेकडील वसंत ऋतूत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, अलीकडच्या वर्षांतील संख्या जुन्या संख्यांहून स्पष्टपणे खाली उतरल्या होत्या.

या शोधाने कोणीही हुरळून गेले नाही. शँकलिन यांचे वरिष्ठ जोसेफ फार्मन हे सावध वृत्तीचे संशोधक होते. जुने उपकरण बिघडले असेल काय? आज्ञावलीत चूक असेल काय? की ही एखाद-दुसऱ्या वर्षाची लहर असेल? हॅली येथे दुसरे उपकरण नेण्यात आले. त्यानेही तेच सांगितले. अंटार्क्टिकातील दुसऱ्या एका ब्रिटिश ठाण्यावरील नोंदींतही, प्रमाणाने कमी का होईना, घट दिसून आली. १९८४ सालच्या वसंत ऋतूतील नोंदींनी उरलासुरला संशय फेडला. पूर्वी ३०० च्या आसपास असणारी ऑक्टोबरची सरासरी आता २०० च्या आसपास आली होती. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी आपला लेख १९८५ सालच्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि सारे शास्त्रजगत खडबडून जागे झाले.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ सालापासून अंतराळातून ओझोन मोजत होता. मग हा प्रकार त्याला प्रथम का दिसला नाही? खरे म्हणजे उपग्रहाला तो दिसला होता. परंतु पूर्वी कधीही १८० हून कमी ओझोन आढळला नसल्यामुळे, तशा संख्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण करण्याची आज्ञा संगणकाला दिलेली होती. त्या संख्या फेकून दिल्या, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्या खुणेसह जपून ठेवलेल्या होत्या. १९८४ साली अशा खुणांची गर्दी तेथील शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. खात्रीसाठी त्यांनी प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावरील ठाण्याच्या नोंदी पाहिल्या, तर त्या ३०० च्या आसपास निघाल्या. त्या नोंदींतच चूक होती, हे पुढे उघड झाले. अशा रीतीने खरी संख्या संशयित ठरली आणि चुकीची संख्या साक्षीदार होऊन बसली! तथापि नोंदी सांभाळून ठेवलेल्या असल्यामुळे त्या पुन्हा तपासता आल्या. आणि ओझोनची ही तूट हॅलीपुरती नसून अंटार्क्टिका खंडाच्या विस्तृत भागावर पसरली आहे, हे उपग्रहाच्याच संख्यांनी जगाला दाखविले.

पुढील घटना वेगाने घडल्या. ध्रुवाकडील अतिशय थंड ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतातील सूर्यप्रकाश मिळताच तो ओझोनचा झपाट्याने नाश करतो, असे संशोधनाने सिद्ध झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रिऑल शहरी अनेक राष्ट्रांनी करार करून अशा घातक द्रव्यांवर निर्बंध घातले. १९९२ साली भारतही त्या करारात सामील झाला, आणि कालांतराने जगातील सर्व राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. ओझोनचे कवच आता हळूहळू भरून येत आहे. अंटार्क्टिकावर ते १९८० सालच्या स्थितीला येण्यास मात्र २०६६ साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जे काही वर्षांत बिघडले, ते सुधारण्यास कित्येक दशके लागत आहेत. ही तूट आणखी वीस वर्षे कोणाच्या ध्यानात आली नसती, तर काय झाले असते?

या हकीकतीत कोणी अवघड गणित मांडले नाही. बेरीज, भागाकार, सर्वांत लहान संख्या आणि वर्षावर वर्ष ठेवून केलेली तुलना, एवढीच सामग्री होती. शाळेतील मुलालाही ती परिचित असते. विशेष होता तो वृत्तीचा. कडाक्याच्या थंडीत ज्या निरीक्षकांनी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे नोंदी केल्या, त्यांना त्या कशासाठी उपयोगी पडतील हे माहीत नव्हते. ज्यांनी त्या वाचल्या, त्यांनी विसंगत संख्येवर एकदम विश्वास ठेवला नाही आणि ती नाहीशीही केली नाही. तिला प्रश्न विचारले. संगणक क्षणार्धात लाखो संख्यांची बेरीज करील; परंतु एखाद्या संख्येपाशी थबकून ‘हे असे का?’ असे विचारण्याचे काम मनुष्याचेच आहे.

शब्दार्थ

हिमपट – समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड व विस्तीर्ण थर. आज्ञावली – संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञांचा संच. अतिनील किरण – डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्या प्रकाशापलीकडील किरण. विसंगत – इतरांशी मेळ न बसणारे. तथापि – तरीसुद्धा. थबकणे – एकाएकी थांबणे.

स्वाध्याय

१. हॅली येथील निरीक्षक कशाची नोंद करीत? ती कशी उपयोगी पडली?
२. ‘काही नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतील भेद पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. ‘खरी संख्या संशयित ठरली आणि चुकीची संख्या साक्षीदार होऊन बसली,’ असे का म्हटले आहे?
४. २८०, ३००, ०, २९०, ३१० या नोंदींपैकी शून्याच्या दिवशी निरीक्षण झाले नव्हते. शून्य धरून व शून्य वगळून सरासरी काढा. कोणती सरासरी योग्य, ते सकारण लिहा.
५. यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधण्याच्या आज्ञा क्रमाने लिहा.
६. ‘हुरळून जाणे’, ‘खडबडून जागे होणे’, ‘ध्यानात येणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
७. उपक्रम : आपल्या गावातील दुपारचे तपमान एक महिनाभर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. ज्या दिवशी मोजता आले नाही, तेथे रेघ मारा. महिनाअखेर सरासरी, मध्यक व सर्वांत लहान संख्या काढून वर्गात वाचून दाखवा.