आरएस अक्षरांचे मोल आणि उमरीचा रस्ता

एखाद्या मोटारीची उच्च क्षमतेची आवृत्ती म्हणजे त्याच नावाच्या आणि त्याच सांगाड्याच्या गाडीला अधिक ताकदीचे इंजिन, अधिक ताठ सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि रुंद टायर देऊन निर्मात्याने वेगळ्या किमतीला विकलेले रूप होय. या वाढीव किमतीचे समर्थन होते की नाही, याची चर्चा बहुधा शर्यतीच्या मैदानावरील वेळांच्या आधारे केली जाते. परंतु ज्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस उमरी, मुदखेड, भोकर, धर्माबाद आणि नांदेड याच पट्ट्यात फिरणार आहे, त्या ग्राहकाला त्या वेळांचा उपयोग नाही. जिनिंगचा, आडतीचा किंवा दवाखान्याचा चांगला जम बसल्यावर अशी गाडी दारात उभी करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे आणि तीत गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, मोजलेल्या जादा रकमेतील किती भाग त्याच्या रस्त्यावर कामाला येतो आणि किती भाग नुसता कागदावर राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण मराठवाड्यातच घडलेले आहे. स्कोडा कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्रा येथे २००१ मध्ये ऑक्टाव्हिया या गाडीची जुळणी सुरू केली आणि २००४ मध्ये तिची 'आरएस' ही आवृत्ती भारतात आणली. तिला १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते. टर्बो म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हे इंजिन भारतात १५० अश्वशक्तीचे होते, तर त्याच काळी युरोपात आरएस याच नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीची ताकद १८० होती. म्हणजे मागील दारावरील अक्षरे तीच असली तरी त्यांच्याखाली मिळणारी वस्तू एकच असते असे नाही, हा पहिला धडा या गाडीने सुरुवातीलाच दिला होता. पुढे २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आरएस शेंद्र्यात जुळणी होऊन २४.६२ लाख रुपये शोरूम किमतीला आली. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आवृत्ती परदेशातून पूर्ण बांधून, अवघ्या २०० नगांत, ३५.९९ लाखांना आणण्यात आली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २६५ अश्वशक्तीची आरएस १०० नगांपुरती ४९.९९ लाखांना आली आणि सर्व नग विकले गेले.

या आकड्यांचा क्रम बारकाईने पाहिला पाहिजे. आठ वर्षांत ताकद ३५ अश्वशक्तीने वाढली, किंमत मात्र दुपटीहून अधिक झाली. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास कंपनीच्या सांगण्यानुसार २०१७ च्या गाडीला ६.८ सेकंद लागत, २०२० च्या गाडीला ६.६ आणि २०२५ च्या गाडीला ६.४. किमतीच्या या वाढीतील महागाईचा आणि मधल्या काळात बदललेल्या पिढीचा वाटा वगळला तरी बराच मोठा हिस्सा आयात शुल्काचा आहे, आणि शुल्कातून ना ब्रेक सुधारतात ना गिअरबॉक्स. शिवाय महाराष्ट्रात आयात केलेल्या मोटारीच्या नोंदणीवर २० टक्के एकरकमी कर भरावा लागतो, तर देशात बनलेल्या वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर तो १३ टक्के असतो. नांदेडचे एमएच २६ हे पासिंग मिळेपर्यंत पन्नास लाखांच्या गाडीवर केवळ या एका कारणाने साडेतीन लाखांच्या आसपास अधिक जातात, ही गोष्ट 'ऑन-रोड' किमतीच्या एकत्रित आकड्यात सहसा नजरेआड होते.

याउलट २०१७ च्या आवृत्तीतील जादा पैशाचा एक भाग अशा ठिकाणी खर्च झालेला होता, जे जाहिरातीत ठळक दिसत नाही. साध्या ऑक्टाव्हियाचे १.८ लिटरचे इंजिन १८० अश्वशक्तीचे होते आणि त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, २५० न्यूटन-मीटरवर थांबवलेला होता. तो तिथेच थांबण्याचे कारण इंजिन नसून गिअरबॉक्स होता. त्या गाडीतील सात गिअरच्या डीएसजी पेटीत दोन कोरड्या क्लचप्लेट असतात, ज्यांना थंड ठेवण्यासाठी तेल नसते आणि ज्यांची झेपण्याची मर्यादाच २५० न्यूटन-मीटर असते. आरएसला दिलेल्या सहा गिअरच्या पेटीतील क्लच तेलात बुडालेले असतात. त्यामुळे ती ३५० न्यूटन-मीटर पीळ पेलते आणि क्लचची उष्णता तेलामार्फत बाहेर काढते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना, नांदेडच्या गर्दीत इंच इंच पुढे सरकणाऱ्या गाडीत क्लच सतत अर्धवट घसरत राहतो, आणि अशा वेळी कोरड्या व ओल्या क्लचमधील फरक हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही. ओल्या पेटीचे तेल ठरावीक अंतराने, सामान्यतः ६०,००० किलोमीटरला, बदलावे लागते. हा खर्च मोठा वाटला तरी तो टाळण्यासारखा नाही. उच्च क्षमतेच्या आवृत्तीचे मोल असे आत दडलेले असते, म्हणून विक्रेत्याला अश्वशक्ती विचारण्याआधी गिअरबॉक्स कोणता, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अश्वशक्तीचा खरा उपयोग या भागात एकाच प्रसंगी होतो, तो म्हणजे दुपदरी रस्त्यावर पुढच्या वाहनाला ओलांडताना. उसाची जोड-ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागून किंवा कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकमागून बाहेर पडून समोरचे वाहन येण्याआत पुन्हा आपल्या बाजूला येणे, यासाठी ६० वरून १०० पर्यंतचा वेग लवकर गाठता येणे आवश्यक असते. माणसांसह १,५०० किलो वजनाच्या गाडीला या दोन वेगांमधली सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा पुरवावी लागते. इंजिनाच्या कमाल ताकदीपैकी सरासरी दोन तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते असे ढोबळ मानाने धरले, तर ११० अश्वशक्तीच्या गाडीला या कामी जवळपास सात सेकंद, १८० अश्वशक्तीच्या गाडीला सव्वाचार आणि २३० अश्वशक्तीच्या गाडीला सव्वातीन सेकंद लागतील. पहिल्या ७० अश्वशक्तींनी पावणेतीन सेकंद वाचवले आणि पुढच्या ५० अश्वशक्तींनी एकच. वाचलेले पहिले पावणेतीन सेकंद जीव वाचवू शकतात, आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणू नये. त्यानंतरचा सेकंद सुखद असतो, पण तो ज्याला हवा त्याने तो हौस म्हणूनच घ्यावा, सुरक्षिततेच्या नावाखाली नव्हे.

वेगाच्या वरच्या टोकाचा विचार तर थोडक्यात संपतो. २०१७, २०२० आणि २०२५ च्या तिन्ही आरएस गाड्यांचा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर सांगितला जातो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ती १०० आहे. हवेचा अडथळा मोडून काढण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ती आठपट लागते. म्हणूनच १२० चा वेग टिकवून ठेवण्यास साध्या गाडीचे इंजिनही पुरून उरते, आणि ओलांडण्याचा प्रसंग सोडला तर वरची सगळी ताकद कायद्याने बंद असलेल्या वेगासाठीच राखून ठेवलेली असते.

आता रस्त्याकडे वळले पाहिजे, कारण अशा गाड्या बाळगणाऱ्यांना अनुभव येतो तो इथेच. उमरी परिसराची जमीन काळी, चिकण आणि कापसाला मानवणारी आहे. ही माती पावसात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला डांबरी थर दरवर्षी असा वर-खाली होत राहिल्याने रस्त्याला लांबट लाटा येतात, कडा तुटतात आणि साइडपट्ट्या खचून डांबर व माती यांच्यामध्ये धारदार पायरी तयार होते. समोरून ट्रक आला की मोटारीची डावी चाके त्या पायरीवरून खाली उतरतात आणि पुन्हा वर चढतात. साध्या गाडीच्या २०५/५५ आर १६ मापाच्या टायरची बाजूची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते, कारण मधला आकडा हा रुंदीची टक्केवारी असतो. २२५/४० आर १८ मापात हीच भिंत ९० मिलिमीटरच भरते. हे २३ मिलिमीटर दिसायला क्षुल्लक, पण ती पायरी चढताना रबर रिम आणि डांबराच्या कडेमध्ये चिमटले जाते, आतले धागे तुटतात आणि दोन-चार दिवसांनी टायरला बाजूने फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो, आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नसल्याने नांदेडहून किंवा त्याहून लांबून मागवावा लागतो. सस्पेन्शन खाली असल्यामुळे गावाच्या वेशीवरील नियमबाह्य उंचीचे गतिरोधक पोटाला घासतात, आणि चेंबर फुटले, म्हणजे इंजिनाखालील तेलाची टाकी तडकली, तर गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. ज्या ताठ सस्पेन्शनसाठी जादा पैसे दिले, तेच या रस्त्यावर वेग कमी करायला लावते आणि शेजारून उंच टायरची स्वस्त गाडी पुढे निघून जाते. ही विसंगती खरेदीपूर्वी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती येथे स्पष्टपणे नोंदवणे अगत्याचे वाटते.

ब्रेकची बाजू मात्र निःसंशय जमेची आहे. ताशी १०० किलोमीटर वेगातील गाडी कोरड्या रस्त्यावर उत्तम टायरांसह थांबायला सुमारे ४४ मीटर घेते, आणि चालकाला धोका जाणवून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात ती आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. मोठ्या डिस्कमुळे पहिल्या वेळचे अंतर फारसे घटत नाही, कारण ते टायरच्या पकडीवर ठरते. पण लागोपाठ जोरात ब्रेक लावल्यावर त्या तापून निकामी होत नाहीत, हा त्यांचा गुण आहे. ताकद अजिबात न वाढवता हीच बाजू सुधारणाऱ्या आवृत्त्याही भारतात आल्या आहेत. ह्युंदाईच्या आय-२० ची २०२१ मधील एन लाइन आवृत्ती टर्बो आय-२० च्याच १२० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालत होती, मात्र तिला ताठ सस्पेन्शन आणि मागील चाकांनाही डिस्क ब्रेक दिलेले होते. टाटाच्या अल्ट्रोझची २०२४ मधील रेसर ही आवृत्ती मात्र ताकदीवर भर देणारी होती; ती १.२ लिटरच्या टर्बो इंजिनासह १२० अश्वशक्ती देऊन साडेनऊ लाखांच्या घरात सुरू झाली. अशा हलक्या गाडीत ओलांडण्याचा वर सांगितलेला लाभ बहुतांशी मिळतो.

चालू खर्चाबाबत थोडे सांगितले तरी पुरे. दीड लिटरवरील मोटारीचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीचा सक्तीचा विमा, २०२२ च्या दरानुसार वर्षाला ७,८९७ रुपये आहे, तर एक ते दीड लिटरच्या गाडीला तो ३,४१६ रुपये. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज काहीसे घटते, आणि २०१७ ची गाडी जुनी म्हणून विकत घेणाऱ्याने ती या मिश्रणासाठी बनवलेली आहे का, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दुर्मिळतेच्या नावाने दिलेल्या पैशाची गोष्ट वेगळी आहे. 'मोजक्याच नगांत येते, किंमत कधी पडणार नाही' हे वाक्य ग्राहकाच्या कानावर हमखास पडते. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय ही १९२ अश्वशक्तीची, तीनच दारांची गाडी २०१६ मध्ये ९९ नगांपुरती, पंचवीस लाखांहून अधिक किमतीला आली. पण पुढच्याच वर्षी कंपनीने स्वतः तिची किंमत जवळपास सहा लाखांनी उतरवून वीस लाखांच्या आत आणली. ज्यांनी आधी घेतली त्यांचे ते पैसे गेले. विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसारही कोणत्याही गाडीचे विमामूल्य चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात निम्म्यावर येते, आणि अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाडीची भरपाई त्या मूल्याच्या आधारेच ठरते, तिच्या दुर्मिळतेवर नव्हे.

म्हणून उमरीसारख्या ठिकाणाहून खरेदी करणाऱ्याने चाचणी फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता, गाडी मुदखेडच्या पुढे आणण्याचा आग्रह धरावा, मागच्या आसनावर घरातील वडीलधाऱ्यांना बसवावे, आणि टायरचे माप, त्या टायरची किंमत व तो किती दिवसांत मिळेल हे लेखी विचारून घ्यावे. विक्रेता या फेरीला नकार देत असेल, तर त्या नकारातच बरेचसे उत्तर मिळते. मराठवाड्यातच जुळणी झालेली २३० अश्वशक्तीची आवृत्ती तिच्या काळी, तिच्या किमतीला, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्या जोरावर समर्थनीय होती, मात्र मालकाने तिचे टायर उंच भिंतीचे निवडले असतील तरच. छत्तीस आणि पन्नास लाखांच्या आयात आवृत्त्या या तालुक्यातील रस्त्यांसाठी त्यांच्या किमतीला न्याय देत नाहीत, आणि दीडशे ते एकशेऐंशी अश्वशक्तीच्या पुढे केवळ ताकदीसाठी मोजलेला रुपया येथे परत मिळत नाही.