धडधड कुणाला सांगायची?

जन्मतः हृदयात दोष असलेल्या आणि लहानपणी ऑपरेशन झालेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत आपण बरेच आहोत, पण एकमेकांना ओळखत नाही, कारण बहुतेक जण ही गोष्ट बाहेर बोलतच नाहीत. घरातही विषय निघत नाही. "झालं ना ऑपरेशन, मग आता काय?" इथेच बोलणं थांबतं. माझ्या बाबतीतही ते तसंच थांबलं होतं, आणि त्याचा त्रास मी तिशीच्या आत भोगला.

माझं गाव सिंदेवाही तालुक्यातलं. आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला, असे चार दोष एकत्र. अशुद्ध रक्त शरीरभर फिरतं म्हणून ओठ आणि नखं निळी पडतात. शाळेच्या वाटेवर थोडं चाललं की मी मध्येच उकिडवी बसायचे. मैत्रिणींना वाटायचं, खेळतेय. तसं बसलं की फुप्फुसांकडे जरा जास्त रक्त जातं आणि दम कमी होतो. हे कुणी शिकवत नाही, लेकराचं शरीर स्वतःच शोधून काढतं. गावात कुणी म्हणे सिकलसेल, कुणी म्हणे मलेरिया अंगात मुरलाय. त्यांचंही चुकत नव्हतं, आमच्याकडे दोन्ही भरपूर. शाळेत तपासणीला आलेल्या एका डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले आणि बाबांना बोलावून घ्यायला सांगितलं.

तेव्हा मुलांच्या तपासणी-उपचारांचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नव्हता. तो २०१३ साली पालघरहून सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी १९९७ पासूनची जीवनदायी योजना होती. बाबांनी पिवळं रेशनकार्ड आणि दाखले गोळा केले, आणि आम्ही मुंबईला गेलो. छिद्रावर पॅच बसला, अरुंद वाट मोकळी झाली, ओठ गुलाबी झाले. माय आजही ते ओठ आठवून डोळे पुसते.

मला आठवतात त्या वेगळ्या गोष्टी. अतिदक्षता विभागात हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. घशात नळी असल्याने हाक मारता येत नव्हती. जीव जाईल अशी तहान होती आणि नर्स कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवायची. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता. एका सकाळी ती खाट रिकामी होती आणि चादर बदललेली होती. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी वाचले आणि तो गेला, याचा विचार एवढ्या लहान वयात मनात शिरला तो पुढे कैक वर्षं तिथेच राहिला. रुग्णालयाला दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी माझा जीव वाचवला. पण लहान मुलाशी या सगळ्याबद्दल बोलायला हवं, हे तेव्हा कुणाच्या कामातच मोडत नव्हतं.

घरी आल्यावर "हिला जपा" सुरू झालं. पीटीच्या तासाला मी झाडाखाली. धानाच्या रोवण्याला सगळं घर चिखलात आणि मी धुऱ्यावर पाण्याची बाटली सांभाळत. मोहफुलं वेचायला पहाटे माय जायची ती मला झोपेत ठेवून. प्रेमच होतं ते. पण आपल्याला काही झेपत नाही, ही समजूत त्या प्रेमातूनच मुरत गेली. पुढे लग्नाचं वय झालं तेव्हा मावशीने बजावलं, "पाहुण्यांसमोर ऑपरेशनचं काई बोलू नको बाई." छातीच्या मधोमध व्रण आहे. त्याच्यासाठी मी भर मे महिन्यातही बंद गळ्याचे ब्लाउज घालत आले. लपवायची गोष्ट म्हणजे लाजेची गोष्ट, असं शरीराबद्दल एकदा ठरून गेलं की ते मनातून काढायला फार मेहनत लागते.

अठरा वर्षं पूर्ण झाली आणि बालविभागाने सांगितलं, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कुठल्या, ते कुणी सांगितलं नाही. फाइल तिथेच राहिली, आमच्याकडे फक्त एक डिस्चार्ज कार्ड उरलं. पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, घडीवर फाटलेलं, शाई उडत चाललेलं. अशी उपचारांची साखळी अठराव्या वर्षी तुटते, आणि ती हजारोंची तुटते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमसुद्धा अठरापर्यंतच आहे. फॅलोचं ऑपरेशन झालेल्यांना पुढे दहा-वीस वर्षांनी फुप्फुसाकडची झडप गळू लागण्याची, उजवा कप्पा ताणला जाण्याची आणि ठोके बिघडण्याची शक्यता असते. म्हणून तपासणी आयुष्यभर लागते. हे मला कळलं ते सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि वाईट रीतीने कळलं.

नोकरीसाठी गडचिरोलीत खोली घेऊन एकटी राहत होते. रात्री दचकून जाग यायची, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आता आपण मरणार अशी खात्री. दहा-पंधरा मिनिटांत ओसरायचं. दिवसभर उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर. बसमध्ये, जेवताना, ऑफिसात कुणी बोलत असताना मी नाडी मोजत असायचे. जिना टाळला, बाजार टाळला, शेवटी माणसंच टाळली. एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वय पाहिलं आणि म्हणाले, "टेन्शन आहे. लग्न करा, बरं वाटेल." झोपेची गोळी दिली. व्रण त्यांनी पाहिला नाही, ईसीजी काढला नाही. गावी गेले तर पुजाऱ्याने धागा बांधला. काकू म्हणाली, "तुले का झालं? चांगली तर दिसते."

मग एक दिवस पंचायत समितीच्या पायऱ्यांवर मी बेशुद्ध पडले. तिथून नागपूर. चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर लावलं, एको झाला, एमआरआय झाला. झडप बरीच गळत होती, उजवा कप्पा मोठा झाला होता आणि खालच्या कप्प्यातून मधूनच वेगवान, धोकादायक ठोक्यांच्या माळा सुटत होत्या. म्हणजे जे टेन्शन म्हणून झोपवलं होतं, त्यात खरा हृदयाचा आजार होता.

आणि तरीही तेवढंच नव्हतं. झडप बदलली, ठोके आवरले, होल्टर स्वच्छ आलं. पण रात्रीची धडधड गेली नाही. उलट वाढली. वॉर्डातला स्पिरिटचा वास आला तरी अंगाला घाम फुटायचा. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून सांगितलं, "ठोक्यांचं काम माझं होतं, ते मी केलं. या भीतीवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आहेत, आणि ही भीतीसुद्धा तुमच्या आजाराचाच भाग आहे." इतक्या वर्षांत मला असं कुणीच म्हटलं नव्हतं.

यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. आपल्यासारख्यांची धडधड हृदयाची असू शकते, मनाची असू शकते, दोन्हींची असू शकते, आणि घरी बसून ते ठरवता येत नाही. तुम्हालाही नाही, शेजाऱ्यालाही नाही, फक्त तोंड पाहून डॉक्टरांनाही नाही. धडधड बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होणं, श्रम करताना होणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि सकाळची वाट पाहू नका. एरवीही धडधड चालू असतानाच जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. सगळं शांत झाल्यावर काढलेला कागद बहुधा नॉर्मल येतो. चालू असतानाचा कागद डॉक्टरांना खरी गोष्ट सांगतो. "मला लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय" हे वाक्य दारातच सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. हृदय तपासून झालं आणि तरी भीती राहिली, तर तिथे थांबू नका. मानसोपचार हा पुढचा उपचार आहे.

तुम्ही एकटे नाही, हे आकड्यांतही दिसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली या विषयावर खास निवेदन काढलं. त्यानुसार जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असतो. पंधरा देशांतल्या चार हजारांवर प्रौढ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात भारतातलेही रुग्ण होते. काम नसणं, लग्न न होणं आणि दम लागणं यांचा जगण्याच्या समाधानाशी जवळचा संबंध त्यात दिसला. आपल्या भागात ही तिन्ही एकाच घरात सापडतात.

गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. अभय बंगांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला. त्यांनी आहार-व्यायामाच्या बरोबरीने मनाकडे पाहिलं आणि 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. हृदयाच्या रोग्याने मनाकडे लक्ष द्यावं, ही गोष्ट गडचिरोलीतूनच महाराष्ट्रभर गेली. पुस्तकाने मला धीर दिला. पण त्यांना आजाराआधीचं आयुष्य ठाऊक होतं. आपल्याकडे असं 'आधी' नाही. आपलं निरोगीपण कसं असतं ते आपल्याला पहिल्यांदाच शिकायचं असतं, आणि त्याला समुपदेशक लागतो.

माझ्या उपचारांत गूढ काही नव्हतं. समुपदेशक ताईंनी वही करायला लावली: भीती कधी आली, तेव्हा मनात काय आलं, प्रत्यक्षात काय झालं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा 'काही झालं नाही' असंच लिहावं लागलं. ते आपल्याच अक्षरात वाचताना फरक पडू लागला. श्वास सोडताना लांबवायचा, नाडी मोजायचा मोह आला की हात कामाला लावायचे, आणि टाळलेल्या गोष्टी पायरी-पायरीने परत सुरू करायच्या. जिना मी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून चढायला लागले. सोबत मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली, ती ईसीजी पाहून. हे महत्त्वाचं आहे: नैराश्यावरची काही औषधं ठोक्यांवर परिणाम करतात, काही हृदयरोग्यांना बऱ्यापैकी सुरक्षित असतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना हृदयाची आणि हृदयाच्या डॉक्टरांना मनाची औषधं दाखवा. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

पुरुष मंडळींना वेगळं सांगायचं आहे. भीती वाटते असं तुमच्याकडून कुणी ऐकून घेत नाही, हे मला माहीत आहे. मग खर्रा तोंडात जातो, नाहीतर मोहाची घेतली जाते. तंबाखूने ठोके वाढतात, दारूने बिघडतात, आणि दात-हिरड्या खराब झाल्या की तिथले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसू शकतात. दात काढण्याआधीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं, ते याचसाठी.

लग्नाचं म्हणाल तर आधी सांगा. लपवून झालेल्या लग्नात रोज पकडले जाण्याची भीती असते, आणि बाळंतपणाच्या वेळी तर लपवणं जिवावर बेतू शकतं. फॅलोचं ऑपरेशन झालेल्या पुष्कळ बायका तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात. बाळाला दोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून गरोदरपणाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची.

अडचणी खऱ्या आहेत. भामरागडचा माणूस पर्लकोटा नदीला पूर आला की बाहेरच पडू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, हृदयदोष नाही. त्यामुळे दाखला नाही, सवलत नाही. हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर जे हातात आहे ते धरू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक एकोचा फोटो मोबाइलवर ठेवा, एक प्रत घरच्यांकडे द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आशाताईंना विचारून घ्या. रस्ता बंद असेल, रात्र असेल, "जगून काय करू" असं मनात येत असेल, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आईबाबांनो, लेकराला चिखलात उतरू द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा, भीतीला विचारून नको. सोळा-सतरा वर्षांचं झालं की त्याच्या आजाराचं नाव त्याला पाठ करायला लावा आणि पुढचा डॉक्टर कोण, हे अठरा पूर्ण व्हायच्या आत लिहून घ्या. आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली, ज्यांना शेवटचा एको कधी काढला तेही आठवत नाही, त्यांनी यंदाच्या रोवण्याआधी तो काढून घ्यावा, आणि त्याच फेरीत मानसोपचाराच्या ओपीडीतही एक चिठ्ठी काढावी.